डिटेक्टरला सोन्याचं नाणं इतकं क्वचित का सापडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये शेतकऱ्याची परवानगी घेऊन नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर फिरवणं हा हजारो लोकांचा सुट्टीच्या दिवसाचा छंद आहे. मीही तो करतो. हे कळलं की समोरचा मराठी माणूस, लंडनचा असो की लातूरचा, पहिल्यांदा एकच विचारतो: सोनं सापडलं का? त्यानंतरचे प्रश्नही फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः इंग्लंडची आहेत, कारण हौशी लोकांना सापडलेल्या वस्तूंची इतकी नीट नोंद ठेवणारे देश फार थोडे आहेत. महाराष्ट्रात प्रयत्न करू पाहणाऱ्यांसाठीही पुढे एक मोठं उत्तर आहे, ते जरूर वाचा.

सोन्याचं नाणं खरंच इतकं दुर्मीळ आहे का? बातम्या तर सारख्या येतात.

बातमी येते ती दुर्मीळ आहे म्हणूनच. मातीत सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारी ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ १९९७ मध्ये सुरू झाली आणि ब्रिटिश म्युझियम ती चालवतं. तिच्याकडे आजवर पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. त्यातली बहुतांश नाणी तांब्याची, काशाची किंवा चांदीची आहेत.

रानातला नेहमीचा दिवस असा जातो: शिशाचे तुकडे, जुन्या बंदुकीच्या गोळ्या, काडतुसांची पितळी बुडं, कोटाची बटणं, एखादं बक्कल, झिजून गुळगुळीत झालेली दोन-चार तांब्याची नाणी. मध्ययुगातली चांदीची एक पेनी मिळाली तरी दिवस सार्थकी लागला असं आम्ही मानतो. वर्षानुवर्षं नेमाने जाणारे आणि सोन्याचं एकही नाणं न पाहिलेले लोक या छंदात भरपूर आहेत. त्यांचं काही चुकलेलं नसतं.

मोठ्या घबाडातही सोनं असेलच असं नाही. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एका हौशी माणसाला रोमन नाण्यांचा रांजण सापडला. आत ५२,५०३ नाणी होती आणि सोन्याचं एकही नव्हतं. उलट २००९ मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशर निधीत जवळपास चार किलो सोनं होतं, पण ते तलवारींच्या मुठींवरचं नक्षीकाम आणि इतर साज होता. त्यात नाणं एकही नव्हतं.

मग मुख्य कारण काय? यंत्र कमी पडतं का?

यंत्राचाही वाटा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण मुख्य कारण मातीत नाही, माणसात आहे. सोन्याचं नाणं सहसा हरवत नसे. हरवलं तर माणूस ते शोधून काढत असे. आणि दुसऱ्या कोणाला सापडलं तर ते नाणं म्हणून फार काळ टिकत नसे. या तिन्हीतून सुटलेलं नाणंच आपल्या कॉइलखाली, म्हणजे डिटेक्टरच्या जमिनीवरून फिरणाऱ्या चकतीखाली, येऊ शकतं.

किमतीचा अंदाज घ्या. ऑगस्टसच्या काळात रोमन सैनिकाला वर्षाला २२५ दिनार पगार होता. सोन्याचा एक ऑरियस म्हणजे २५ दिनार, म्हणजे वर्षभराच्या शिपाईगिरीचे नऊ ऑरियस, त्यातूनही जेवणाचे आणि कपड्यांचे पैसे कापले जात. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३४४ मध्ये आणलेला सोन्याचा नोबल ८० पेनींचा होता, तेव्हा साध्या मजुराची दिवसाची कमाई दोन-तीन पेनी असे. १८५० च्या आसपास इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला साधारण दहा शिलिंग मिळत आणि सोन्याचा सॉव्हरिन वीस शिलिंगांचा होता.

आता खिशातून तांब्याचा फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, पडला तर माणूस दोन पावलं मागे येऊन बघतो आणि पुढे जातो. पंधरा दिवसांची मजुरी पडली तर तो सगळ्या घरादाराला घेऊन येतो, गवत उपटतो, धूळ चाळतो, अंधार पडला तर सकाळी पुन्हा येतो. मुळात ती रक्कम घेऊन तो चिखलात कामाला जातच नाही. सोनं कमरेच्या थैलीत, कपड्याच्या आत शिवलेलं किंवा घरात कुलपाखाली असे. रोजच्या बाजारात फिरे ती चिल्लर, आणि हरवते ती चिल्लरच.

आणखी एक बाब बऱ्याच जणांना माहीत नसते. शेतात सापडणारी सगळी नाणी तिथेच कोणाच्या खिशातून पडलेली नसतात. घरातला केर, चुलीची राख, गोठ्यातलं शेण हे सगळं खत म्हणून रानात जात असे आणि केराबरोबर जमिनीवर पडलेली बारीक नाणीही जात. चांदीची अर्धी पेनी केरात नजरेतून सुटते. पिवळंजर्द सोनं सुटत नाही.

सोन्याची नाणी पाडलीच कमी गेली असतील का?

हो, आणि इंग्लंडच्या बाबतीत हे कारण फार वजनदार आहे. सातव्या शतकात तिथे सोन्याची लहान नाणी पाडली जात. इ. स. ६७५ च्या सुमारास ती बंद पडली आणि चांदीची पेनी आली. त्यानंतर जवळपास सहाशे वर्षं देशाचा व्यवहार त्या एका पेनीवर चालला. सुट्टे हवे असले तर तीच पेनी कापून अर्धी किंवा पाव करत. या सहा शतकांत सोन्याचं नाणं जवळजवळ नाहीच. जी मोजकी आहेत ती विलक्षण आहेत. २००१ मध्ये बेडफर्डशरमध्ये आयव्हेल नदीकाठी मर्सियाचा राजा कोएनवुल्फ याचं सोन्याचं नाणं डिटेक्टरने सापडलं, आणि २००६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ते ३,५७,८३२ पौंडांना घेतलं.

तिसऱ्या हेन्रीने १२५७ मध्ये वीस पेनी किमतीची सोन्याची पेनी काढून पाहिली. लंडनच्या व्यापाऱ्यांना ती नको होती. प्रयोग फसला, बहुतेक नाणी परत वितळली गेली आणि आज त्यातली जेमतेम आठ ज्ञात आहेत. त्यांतलं एक २०२१ मध्ये डेव्हनमधल्या हेमियॉक गावाजवळच्या शेतात एका हौशी माणसाला मिळालं. जानेवारी २०२२ च्या लिलावात त्याला शुल्कासह ६,४८,००० पौंड आले. १३४४ चा सोन्याचा फ्लोरिनही तसाच, जानेवारीत आला आणि ऑगस्टपर्यंत बाद झाला. टिकला तो नोबल. म्हणजे इंग्लंडमध्ये सोन्याचं नाणं नियमितपणे हातात खेळू लागलं ते चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि तेही व्यापारी, जमीनदार आणि मठांच्याच हातात. त्याआधीच्या सहाशे वर्षांचं रान तुम्ही कितीही विंचरलंत तरी जे पाडलंच नाही ते सापडणार कुठून?

लोक सोनं पुरून ठेवत असत ना? मग हंडे का सापडत नाहीत?

पुरत असत, आणि नंतर उकरून नेत असत. आपल्याला सापडतो तो फक्त न नेलेला साठा, म्हणजे मालक लढाईत मेला, साथीत गेला, परागंदा झाला किंवा ज्या एकाला जागा ठाऊक होती तो बोलण्याआधीच संपला. सोन्याचा हंडा रानात शिल्लक राहणं हा अपघात आहे, आणि त्या प्रत्येकामागे कोणाचं तरी घर उद्ध्वस्त झालेलं असतं. मला या छंदात सर्वांत जास्त अंतर्मुख करणारी गोष्ट हीच वाटते.

दुसरं असं की साठा एका बादलीएवढ्या जागेत असतो. २००८ मध्ये सफोकमधल्या विकहॅम मार्केटजवळ लोहयुगातले ८४० सोन्याचे स्टेटर मिळाले. २०१२ मध्ये सेंट ऑल्बन्सच्या उत्तरेला १५९ रोमन सॉलिडस मिळाले. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण सगळं सोनं एकेका शेताच्या एकेका कोपऱ्यातलं. बाकीच्या हजारो शेतांच्या वाट्याला शून्य. शिवाय साठा सहसा नांगराच्या फाळाच्या खाली असतो. फाळ मडक्याच्या काठाला लागून वरची चार नाणी इकडेतिकडे पसरली तरच डिटेक्टरवाल्याला सुगावा लागतो.

सफोकमधल्याच हॉक्सनची हकीकत प्रत्येक नवशिक्याला माहीत असावी. १६ नोव्हेंबर १९९२ ला एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते. चमचे, साखळ्या आणि नाणी दिसताच त्यांनी थोडंसं काढून खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाच्या लोकांनी तो साठा नीट उकरला. त्यामुळे लाकडी पेटीत काय कुठे रचलेलं होतं हेही समजलं. त्यात सोन्याचे ५६९ सॉलिडस होते आणि चांदीची नाणी चौदा हजारांवर. ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत रोमन निधींपैकी हा एक, आणि त्यातही सोनं किती थोडं! सापडलेला हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.

सोनं गंजत नाही. मग ते चांदी-तांब्यापेक्षा जास्त उरायला नको का?

मातीत गेलेलं सोनं उत्तम टिकतं हे खरं. दोन हजार वर्षांचा स्टेटर ढेकळातून निघतो तो काल पाडल्यासारखा. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की नांगरताना, काढणी करताना, पावसाने धुतलेल्या सरीत ते डोळ्याला दिसतं. तांब्याचं नाणं मातीच्या रंगाचं होऊन शतकानुशतकं लपून राहतं. सोन्याचं नाणं वर आलं की औताच्या मागे चालणाऱ्या कोणीतरी ते डिटेक्टरचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी उचललेलं असतं.

जमिनीवर राहिलेल्या सोन्याचं काय झालं, तर ते आटवलं गेलं. नवा राजा आला की जुनी नाणी टाकसाळीत जाऊन नवी पाडली जात. १७७० च्या दशकात इंग्लंडने झिजलेल्या सोन्याच्या गिनी परत घेऊन नव्याने पाडल्या. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच एक पौंडाच्या आणि दहा शिलिंगांच्या कागदी नोटा आल्या, लोकांनी सॉव्हरिन सरकारच्या हवाली केले आणि रोजच्या व्यवहारातून सोनं जवळजवळ रातोरात नाहीसं झालं. अमेरिकेत ५ एप्रिल १९३३ च्या हुकमाने नागरिकांना सोन्याची नाणी १ मेपर्यंत बँकेत भरायला सांगितलं. थोडीशी सवलत आणि दुर्मीळ नाण्यांची सूट सोडली तर बाकीचं जमा करणं सक्तीचं होतं. त्यातल्या फार मोठ्या भागाच्या विटा झाल्या.

आपल्याकडे आटवण्याचं काम सरकारला करावंच लागलं नाही, ते सराफकट्ट्यावरच होत आलं. नाण्यांच्या पुतळ्यांची माळ झाली, मोहोरेची पाटली झाली, पाटलीचं पुढच्या पिढीत आणखी काही. राजस्थानात बयाणाजवळ १९४६ मध्ये गुप्त सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांचा भारतातला सर्वांत मोठा निधी सापडला. त्यातली काही नाणी कोणाला कळण्याआधीच वितळवली गेली आणि अभ्यासकांच्या हाती १,८२१ आली. वितळलेल्या नाण्यांवर एखादा आजवर अज्ञात प्रकार होता का, हे आता कधीही कळणार नाही.

डिटेक्टरला सोनं ओळखता येतं का?

नाही. हे नीट समजून घ्या, कारण इथेच नवशिक्यांच्या हातून सोनं निसटतं.

आपल्या नेहमीच्या यंत्राची कॉइल काही हजार हर्ट्झच्या कंपनाने बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. धातूत त्यामुळे विजेचे भोवरे उठतात, त्यांचं उलट क्षेत्र कॉइलला जाणवतं आणि ते किती जोराचं व किती उशिराने आलं यावरून यंत्र आकडा दाखवतं. तो आकडा धातूचं नाव सांगत नाही. त्यात धातूची विद्युतवाहकता, वस्तूचा आकार, जाडी आणि ती जमिनीत आडवी आहे की उभी, हे सगळं मिसळलेलं असतं.

तांब्याची वाहकता १०० धरली तर चांदी १०५ च्या आसपास, शुद्ध सोनं ७० च्या पुढे आणि ॲल्युमिनियम ६० च्या आसपास येतं. नाण्यातलं सोनं बहुधा शुद्ध नसतं. बावीस कॅरेटमध्ये मिसळ आली की वाहकता आणखी उतरते. त्यात नाणं लहान आणि पातळ असलं की आकडा खालीच येतो. परिणाम असा की चांदीचं जाडजूड नाणं वरच्या सुरात स्वच्छ गातं, आणि पाव नोबल किंवा अर्धा सॉव्हरिन तिथे बोलतो जिथे चॉकलेटची चांदी, शिशाचा तुकडा आणि शीतपेयाच्या कॅनची ओढायची कडी बोलते. या सुटून येणाऱ्या कड्या अमेरिकेत १९६० च्या दशकात आल्या, आणि तिथल्या बागा व मैदानं त्यांनी भरलेली आहेत.

कचरा उकरून कंटाळलेला माणूस मग काय करतो? डिस्क्रिमिनेशन चढवतो, म्हणजे कडीचा आणि चॉकलेटच्या चांदीचा आवाजच बंद करतो. त्याबरोबर सोन्याचाही आवाज बंद होतो. एखाद्या शेतात ‘आता काही उरलं नाही’ असं सगळे म्हणत असतील तर तिथे पहिल्यांदा हेच आवाज पुन्हा ऐकावेत. इंग्लंडच्या काही शेतांत हल्ली कंपोस्ट खताबरोबर ॲल्युमिनियमच्या चिंध्या आल्या आहेत. तिथे हे करणं जिवावर येतं, हेही कबूल केलं पाहिजे.

जास्त खोल जाणारं महागडं यंत्र घेतलं तर?

थोडा फरक पडतो, चमत्कार होत नाही. कॉइलपासून अंतर वाढत गेलं की क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं, आणि हे जाताना एकदा व परत येताना एकदा असं दोनदा घडतं. लहान वस्तूची खोली दुप्पट झाली तर ढोबळमानाने संकेत साठ-पासष्टपट कमजोर होतो. म्हणून यंत्राची किंमत तिप्पट केली तरी नाण्याएवढ्या वस्तूसाठी खोली काही इंचांनीच वाढते. साधारण वीत-सव्वा वीत, यापलीकडे एकट्या नाण्याची फार आशा धरू नये. तो पैसा दूरच्या चांगल्या शेतापर्यंत जाण्यात घातलेला बरा.

शंभर मीटरवरून सोनं दाखवणारी यंत्रं जाहिरातीत दिसतात. घेऊ का?

नका घेऊ. हातात धरायच्या दोन काड्या, त्यांना जोडलेली पेटी आणि पडद्यावर ‘सोनं’, ‘चांदी’, ‘हिरा’ असे पर्याय. अशा यंत्रांमागे कोणतंही भौतिकशास्त्र नाही. दूरवर पुरलेल्या नाण्यातून सोन्याची म्हणून काही वेगळी लहर बाहेर पडत नसते. आपल्याकडे ही यंत्रं लाखो रुपयांना विकली जातात आणि घेणारा बहुधा कर्ज काढून घेतो. ही शुद्ध फसवणूक आहे.

समुद्रकिनाऱ्यावर किंवा ऑस्ट्रेलियात तर लोकांना सोनं मिळतं?

किनाऱ्यावर मिळतं ते मुख्यतः पोहताना बोटातून निसटलेल्या अंगठ्यांचं. जुन्या नाण्यांसाठी तिथे जहाज बुडालेलं असावं लागतं. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ ३१ जुलै १७१५ च्या वादळात स्पेनच्या खजिन्याच्या ताफ्यातली अकरा जहाजं बुडाली, म्हणून तिथे मोठ्या वादळानंतर आजही एखादं नाणं वाळूवर येतं. बाकीच्या किनाऱ्यांना ते भाग्य नाही.

ऑस्ट्रेलियातलं सोनं निसर्गाचं आहे. १९८० मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या किंगोवरला डिटेक्टरने २७ किलोंहून जड गोळा सापडला. तो कोणी हरवलेला नव्हता, त्यामुळे वर सांगितलेली कारणं त्याला लागूच होत नाहीत.

पिवळं, चकचकीत, गोल आणि राणीचा किंवा राजाचा मुखवटा असलेलं सापडलं. सोनंच ना?

शक्यता कमी. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या जॉर्जच्या गिनीसारखे दिसणारे पितळी टोकन पत्त्यांच्या खेळात वापरत, ते इंग्लंडच्या शेतांत सर्रास मिळतात. न्यूरेंबर्गला बनणारे हिशेबाचे पितळी बिल्ले त्याहून जुने, आणि मुलामा दिलेली बटणंही फसवतात. वजन करा. सॉव्हरिन ७.९८ ग्रॅमचा आणि २२ मिलिमीटर व्यासाचा असतो, तेवढ्याच आकाराचं पितळ हातात घेताच हलकं लागतं. बावीस कॅरेट सोन्याची घनता पितळेच्या दुपटीहून जास्त आहे. एक सांगण्यासारखं: काही सॉव्हरिन आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडले गेले, फक्त १९१८ मध्ये. त्यांच्यावर इंडियाचं आद्याक्षर बारीक खुणेसारखं असतं. ब्रिटनमधल्या रानात तसा एखादा मिळाला तर मराठी माणसाला होणारा आनंद वेगळाच.

शक्यता वाढवण्यासाठी काय करता येईल?

जागा निवडा. जुन्या नकाशांवर मोडलेले रस्ते, नदीचे उतार, जत्रेची मैदानं, ओसाड पडलेली गावं शोधा. चांगलं शेत मिळालं तर तेच धरून राहा, कारण दर नांगरटीला माती वरखाली होते आणि मागच्या वर्षी उभं असलेलं नाणं यंदा आडवं होतं. कॉइल जमिनीला लागून आणि अगदी सावकाश फिरवा. खालचे, तुटक, अनाकर्षक आवाज उकरा. लोहयुगातल्या वस्त्यांच्या परिसरात स्टेटर मिळण्याची शक्यता इतर सोन्याच्या तुलनेत बरी असते. एवढं करूनही कदाचित सोनं मिळणार नाही. पण कोणत्या रानात कोणत्या राजाची चिल्लर पडली होती याची नोंद तुमच्यामुळे होईल, आणि गावाचा इतिहास ठरवायला ती झिजलेली चिल्लर सोन्याइतकीच उपयोगी पडते.

मी महाराष्ट्रात राहतो. इथे डिटेक्टर घेऊन निघू का?

आधी कायदा पाहा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ हा अजून लागू आहे. जमिनीत लपलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि आपला वाटाही जातो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकं १९५८ च्या कायद्याखाली आहेत. किल्ल्यावर, लेण्यांपाशी, जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी विधी करण्यावर राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात शिक्षा आहे. इंग्लंडसारखी, हौशी माणसाने खणावं आणि अधिकाऱ्याकडे नोंद करावी अशी व्यवस्था आपल्याकडे नाही.

सोन्याचं गणितही तेच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकापर्यंत बाजारात चालत होती. जुन्या वाड्यांच्या पायात, नदीच्या घाटांवर ती आजही मिळते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा होन मात्र जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. त्याच राजाची, त्याच अक्षरांची दोन नाणी, आणि उरण्यात एवढं अंतर! सातवाहनांनी तर सोन्याची नाणी पाडलीच नाहीत. त्यांची चांदी, तांबं, शिसं आणि पोटीन (तांब्याचा एक मिश्रधातू) यांची. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे सापडलेल्या निधीत क्षत्रप राजा नहपानाची सुमारे १३,२५० नाणी होती, सगळी चांदीची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटवले होते. एका राजवटीचा पराभव आपण त्या नाण्यांवर बोट ठेवून वाचू शकतो. कोणत्याही होनाच्या किमतीत हे बसत नाही.

मार्च २०२५ मध्ये एका चित्रपटानंतर उठलेल्या अफवेने बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. उभ्या रानाचं नुकसान झालं ते शेतकऱ्याचं. कृपा करून असल्या गर्दीत जाऊ नका. नाण्यांची खरी ओढ असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला मुद्राशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथला संग्रह पाहा.

ब्रिटनमध्ये सापडलं तर ते माझं होतं का?

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू आहे. एकाच ठिकाणची दोन किंवा अधिक नाणी, तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोन्या-चांदीची असली तर ती ट्रेझर ठरतात. चौदा दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाला घ्यायचं असेल तर तज्ज्ञ समिती किंमत ठरवते आणि बक्षीस बहुधा शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं जातं. एकटं नाणं साधारणपणे ट्रेझर नसतं, पण त्यावर जमीनमालकाचा हक्क असतो, म्हणून शेतात पाऊल टाकण्याआधी वाटणीचा लेखी करार करा. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे सगळंच कळवावं लागतं.

लपवणाऱ्याचं काय होतं तेही सांगतो. २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला निधी मिळाला. त्यांनी तो न कळवता विकायला काढला. सुमारे ३०० नाण्यांपैकी फार थोडी परत मिळाली आणि २०१९ मध्ये दोघांना अनेक वर्षांची कैद झाली. रीतसर कळवलं असतं तर मोठं बक्षीस मिळालं असतं. इतिहासाचं जे नुकसान झालं ते मात्र आता भरून निघणारं नाही, कारण विखुरलेली नाणी कोणत्या क्रमाने पुरली होती ते कोणालाच माहीत नाही.

आणि त्या क्षणी, खड्ड्यात पिवळं दिसलं, तर?

हात थांबवा. बोटाने किंवा शर्टाने चोळू नका. सोनं मऊ असतं आणि मातीतल्या वाळूच्या कणाने त्यावर कायमचे ओरखडे पडतात. आहे तसा फोटो काढा, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा, मग नाणं कडेने धरून उचला आणि लहान डबीत ठेवा. खड्ड्यावरून आणि आजूबाजूच्या पाच-दहा पावलांवरून कॉइल पुन्हा फिरवा. आणखी आवाज आले, किंवा मडक्याची खापरी दिसली, तर खणू नका. माती परत लोटा, खूण दिसेल अशी ठेवू नका, शेतकऱ्याला सांगा आणि त्या जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझन अधिकाऱ्याला, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. नाणं एकटंच असेल तर घरी आल्यावर उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवा. माती आपोआप सुटते. ब्रश लावू नका.